मेंटरनं लिहून दिलेला कागद

"दाँत से? ये तेरे पप्पा का कारखाना है क्या?"

आमचा मेंटर असं म्हणाला. भर लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. कप्पीवरचा दोरा तुटला होता, तो मी जोडला. दोन टोकं चिमटीत धरली, गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्याच्या घरातलं लेकरू दोरा असाच तोडतं. कात्री शोधत बसलं तर लूम थांबून राहतो. पप्पांना कारखान्यात डबा द्यायला जायचे, बघता बघता हाताला सवय लागली.

गाठ पक्की होती. पुढचा प्रयोग तिच्यावरच झाला. पण सगळे हसले. म्हणजे आधी तो हसला, मग बाकीच्यांनी त्याची मर्जी राखली. त्या दिवसापासून मी बॉबिन, लूमवरची दोऱ्याची रीळ.

हा मेंटर तिसऱ्या वर्षाचा. कॉलेजनं पहिल्या वर्षाच्या आठ-आठ पोरांमागे एक मेंटर दिला होता. गणितात अडलं तर समजवायचं, नव्या पोरांना बुजू द्यायचं नाही. आठवड्याला दोन तास. प्रत्येक तासाला कार्डावर त्याची सही. सह्या कमी पडल्या की गणिताचे अंतर्गत मार्क अडले. माझी शेंडी त्याच्या हातात, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बॉबिन, पानी ला."

"बॉबिन, गोडादरा में इंजिनियर बनते हैं या मिस्त्री?"

गोडादरा म्हणजे सुरतेतली आमची कामगार वस्ती. मी हसायचे. हो, मीपण. त्याच्यापेक्षा मला आज त्या हसण्याची जास्त चीड येते.

एकदा वर्गातल्या मुलीशी फोनवर बोलत होते. आईनं आतून अहिराणीत विचारलं, "जेवाले येस का वं?" मी फोनवर हात दाबून तिच्यावर खेकसले, "हिंदीत बोल ना! लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी ताट वाढून आई म्हणाली, "खाना खाएगी?" माझी आई, माझ्याच घरात, माझ्याशी परक्यासारखी बोलली. मी जेवून उठले, माफी मागितली नाही.

सेमिस्टर संपताना मेंटरांचा सत्कार ठेवला. प्रत्येकानं आपल्या एका विद्यार्थ्याला बोलायला उभं करायचं. यानं मला निवडलं. हातात कागद दिला, स्वतःच्या अक्षरातला.

"ये बोलना है. रोना आ जाए तो और अच्छा."

कागदावर होतं: 'मेरे पापा अनपढ़ मज़दूर हैं. मेरे घर में किसी को ढंग से बोलना नहीं आता. भैया ने मुझे इंसान बनाया.'

पप्पा बारावी पास आहेत. धुळ्याकडे काम मिळेना म्हणून सुरतला आले. ते खोटं वाचून अंगाचा तिळपापड झाला. पण दुसऱ्या वाक्यावर मी थांबले. आईला मी वेगळं काय सांगितलं होतं? तेच. फक्त शब्द माझे होते. त्याचं काम मीच घरी नेऊन करत होते. लाज वाटली. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

माईकपुढे गेले. कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"सर, ये मैंने नहीं लिखा. इन्होंने लिखा है. झूठ है. मैं नहीं पढ़ूँगी."

कार्यक्रम सांभाळणारे सर म्हणाले, "बेटा, बाद में बात करते हैं." आणि याला प्रमाणपत्र दिलं. टाळ्याही वाजल्या.

बाहेर त्यानं मला अडवलं. "सॉरी बोल, कार्ड पे साइन कर दूँगा."

चोर तो चोर, वर शिरजोर! चार सह्या बाकी होत्या. मी कार्ड बॅगेत टाकलं आणि निघून आले.

त्याच सरांकडे मी लेखी तक्रार दिली. सोबत त्याच्या अक्षरातला कागद जोडला, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली. सर म्हणाले, "सीनियर है, प्लेसमेंट का सवाल है, थोड़ा समझो." माझ्या मार्कांचं कुणी समजून घेतलं नाही. आईशी आता मी मुद्दाम अहिराणीत बोलते. ती हिंदीतच उत्तर देते. ते माझ्या कर्माचं फळ आहे, मी भोगीन.

मार्क गेले तर जाऊ देत. गणिताला पुन्हा बसेन. सॉरी म्हणणार नाही, तक्रार मागे घेणार नाही. दर सोमवारी सरांच्या केबिनबाहेर उभी राहते आणि विचारते, माझ्या अर्जाचं काय झालं. त्यांना माझा कंटाळा आलाय, तोंडावर दिसतं.

उद्या सोमवार आहे.