शाल नको, चाचणी घ्या

मी चहाचा ट्रे घेऊन संस्थेच्या बैठकीत गेले तेव्हा माझंच नाव चाललं होतं. कोणी बोलणं थांबवलं नाही.

"तिचं आता होत नाई," सचिव म्हणत होते. "फायनलले पाहिलं ना, पोरी तिच्या बाजूनं निघून जात होत्या. दोन लेकरांची माय झाली. कंबर पाहा तिची."

माझी कंबर त्यांच्या समोरच होती. मी वाकून कप ठेवत होते. दोघं-तिघं हसले. प्रशिक्षक सर कपात बघत राहिले.

अमरावतीच्या या शिक्षण संस्थेत मी शिपाई आहे. मला घेतलं होतं मात्र हॉकीसाठी. मी अकोल्याची, बौद्ध वस्तीतली, कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाची पोर. संस्थेच्या संघात मी इतकी वर्षं सेंटर हाफ. समोरचा हल्ला मधेच तोडायचा आणि चेंडू पुढे वाटायचा, हे माझं काम. संस्थेच्या कपाटातल्या निम्म्या ढाली माझ्या पायांवर आल्या आहेत. क्रीडाशिक्षिका करू म्हणाले होते. केलं शिपाई. सकाळी मैदानावर ताई, अकरा वाजले की "ए, पाणी आण". मी चालवून घेतलं. खेळायला मिळत होतं ना.

अध्यक्षांनी माझ्याकडे मान वळवली. "कावून वं, गुडघा दुखते ना तुहा?"

"हो," मी म्हणाले. हातात ट्रे होता. गुडघा दुखतोच. पस्तिशी ओलांडलेल्या कोणत्या खेळाडूचा दुखत नाही?

"पाहा," ते सगळ्यांना म्हणाले. "पोरगी सोताच म्हनते."

मैदानात म्हातारी आणि ऑफिसात पोरगी. अध्यक्ष सत्तरीच्या पुढचे, जिना चढताना त्यांना दोन्हीकडून धरावं लागतं. त्यांच्या गुडघ्याची चौकशी त्या खोलीत कधी झाली नाही.

तिथे काय ठरलं ते मला आठवड्यानं कळलं. फाटकावर फ्लेक्स लागला. माझा जुना फोटो आणि वर 'कृतज्ञता सोहळा'.

मी सरांना गाठलं. सर अचलपूरचे, मला त्यांनीच घडवलेलं. म्हटलं, "सर, तुमी काय म्हटलं होतं आत?"

"बेटा, तू स्लो हुई है. झूठ नहीं बोलूंगा."

"मग निवड चाचणीत पाहा मले."

"चाचणी नहीं होगी. तय हो गया ना अब."

सरांचा राग आला नाही. ते खरं तोंडावर बोलले. मी मंदावले आहे, मला दिसतं. धारणीकडून आलेली रोशनी, कोरकू आदिवासी पोर, माझ्या दुप्पट वेगानं मागे परतते. जुना खेळाडू किती दिवस ठेवायचा हा प्रश्न खोटा नाही. पण चेंडू कुठे जाणार हे अजूनही मला आधी कळतं, रोशनीला नंतर. यातलं संघाच्या जास्त कामाचं कोणतं, ते मैदानावर ठरवायचं होतं. त्यांनी कंबर बघून ठरवलं.

मैदानावर मंडप पडला. मला नवी साडी नेसून यायला सांगितलं होतं. अध्यक्षांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि माईकवर म्हणाले, "आता आमची पोरगी घरी आराम करन, लेकरं सांभाळन." टाळ्या वाजल्या. मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं मान म्हणून जे जे घेतलं ते सगळं आठवलं. प्रत्येक वेळी मी मान खाली घातली होती.

मी शाल काढली. घडी केली. टेबलावर नारळाशेजारी ठेवली आणि माईक घेतला.

"मी थांबते असं मी कोणालेच म्हटलं नाई. तुमी गुडघा विचारला, खेळ नाई विचारला. मले शाल नको. चाचणी घ्या. सगळ्या पोरींसंग, सगळ्यांसमोर."

माईक बंद झाला. "हिले खाली उतरवा," सचिव ओरडले. एकही टाळी वाजली नाही. ज्या पोरींना मी स्टिक धरायला शिकवलं त्या जमिनीकडे बघत होत्या.

चाचणी झाली नाही. माझी बदली झाली, संस्थेच्या हिवरखेडच्या शाळेत. लेकरांची शाळा वर्षाच्या मध्येच तुटली. धाकटी रडली. नवरा म्हणाला, "घेतली असती शाल तर काय झालं असतं?" मी स्टिक उचलून सामानात ठेवली.

सामान बांधत होते तेव्हा रोशनी आली. दारातच उभी राहिली.

"ताई, मी तुमची जागा मांगतली नोहोती."

"मांग ना," मी म्हटलं. "तुहा हक्क हाय. पन मैदानात मांग, माह्यासमोर."

मला दूर फेकायच्या घाईत संस्थेच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. हिवरखेड अकोला जिल्ह्यात येतं. अकोल्याच्या जिल्हा संघाची निवड चाचणी जिल्ह्यात राहणाऱ्या सगळ्यांना खुली असते. मी शाळेमागच्या काळ्या मातीत एकटीच सराव केला. भेगांत चेंडू अडकायचा, तो काढायचा आणि पुन्हा मारायचा. येणारे-जाणारे हसायचे. चाचणीत पोरींसोबत धावले, दोनदा पडले, उठले. निवडणाऱ्या बाईंनी कंबर पाहिली नाही. मी कुठे उभी राहते आणि चेंडू कुठे देते, ते पाहिलं. शेवटची का होईना, निवड झाली.

पुढच्या महिन्यात अकोला विरुद्ध अमरावती आहे. अमरावतीच्या संघात बहुतेक संस्थेच्याच पोरी, म्हणजे रोशनी समोर असेल. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसतील. गुडघ्याला पट्टी बांधून मी उतरणार. रोशनीनं माझ्याकडून चेंडू हिसकावून सामना नेला, तर त्याच दिवशी मी स्टिक खाली ठेवीन. मला थांबवायचा हक्क मी तिला दिलाय. खुर्चीत बसलेल्या कोणालाही तो मी देणार नाही.