बापू मिस्त्रींचा गोळा

बापू मिस्त्री लेथवर मोजपट्टीआधी अंगठा वापरायचे. तासलेल्या पितळेवरून अंगठा फिरवून सांगायचे, "इथं केसभर जास्त हाय." मी मापून बघायचो, तर बरोबर निघायचं. वारंगा फाट्यावरचं दुकान माझं, छोटा लेथ माझा, भिंतीवरचं आयटीआयचं सर्टिफिकेटही माझं, बापू माझ्याकडे कामाला; तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मिस्त्री हाईत का?" ते मला फार लागायचं.

लेथवर धातू गरगर फिरतो आणि तासणारं टूल सरळ रेषेत सरकतं, म्हणून सरळ दांडा सहज होतो, गोळा होत नाही. ट्रॅक्टरच्या गिअरच्या दांड्यावर बसणारे पितळी गोळे काढायला मी महिनाभर खपून एक अटॅचमेंट बनवली. हँडल ओढलं की टूल गोलात फिरावं, अशी. पहिला गोळा मोठ्या तोऱ्यात बापूंच्या हातावर ठेवला.

"मालक, हे तर लिंबू झालं."

बसलेले दोघं-तिघं हसले. "खोलून पाहू का?" बापूंनी विचारलं.

"हात लावायचा न्हाई," मी म्हणालो.

पंधरा दिवस एकटाच झटलो. लिंबाचा आवळा झाला, एवढंच. शेवटी सेनगावला लग्नाला निघताना त्यांच्याकडे न बघताच म्हणालो, "काय करायचं ते करा."

परतलो तर टूल ज्यावर फिरायचं तो माझा बोल्ट काढून त्यांनी तिथं भंगारातल्या मोटारसायकलच्या हँडलचं बेअरिंग बसवलं होतं. "टूल डुलून राहिलं होतं," ते म्हणाले. "आन् फिरायची जागा गोळ्याच्या बराबर मधोमध नव्हती." नवा गोळा कुठूनही बघा, सारखाच. मी त्यात खोट शोधत बसलो. सापडली नाही.

त्याच आठवड्यात हिंगोलीचा एक यंत्रवाला आला. अटॅचमेंट बघून म्हणाला, "कोणी बनवलं हे?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

बापू चार पावलांवर होते. "व्हय, मालकाचंच हाय," म्हणाले आणि कानस चालवत राहिले.

पुढं बापूंचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी काम सोडलं. त्यांना फाट्यावर सोडायला गेलो, तेव्हा एसटीची वाट बघताना मी धीर करून म्हणालो, "बापू, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय की. मी तिथंच होतो."

"मग बोलला काहून न्हाई?"

"तुमचं तोंड पाहिलं, मालक. लई तकलीफ होऊन राहिली होती तुमाला."

गेल्या वर्षी बापू वारले. आता कोणी विचारलं की मी त्यांचंच नाव सांगतो. ऐकणारा म्हणतो, "काय माणूस असेल!" आणि मी अजूनही त्यांच्यावर थोडा जळतोच.