सनईवाल्या मामांचं नाव

कपाट आवरताना आमच्या कॉलेजातल्या रॉक बँडची कॅसेट सापडली. उघडली तर तोच जुनाट प्लास्टिकचा वास आला, आणि फुलंब्रीचे तुळशीराममामा समोर उभे राहिले.

मामा लग्नांत सनई वाजवायचे. गिटार आणि ड्रमच्या गदारोळात त्यांची सनई हवीच, हा हट्ट माझा. सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत भिजवत त्यांनी आमचं गाणं डोळे मिटून ऐकलं आणि मग असं वाजवलं, की त्या गाण्यातली आज मला फक्त सनईच आठवते.

पण कॅसेटवर सनई छापली तर लोक लग्नाचा बँड म्हणून हसतील, अशी मला धास्ती. मी सनईच्या जागी इंग्रजीत 'कीबोर्ड' छापून घेतलं आणि त्यापुढं स्वतःचं नाव.

कॅसेट न्यायला मामा क्रांती चौकात आले. कव्हर न्याहाळत म्हणाले, "माझं नाव कुठं हाय रं यात?"

मी माझ्याच नावावर बोट ठेवलं.

त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, कॅसेट कपाळाला लावली.

"लेक शाळेत विंग्रजी शिकती," ते म्हणाले. "आज तिच्याकडनं वाचून घेतो."