नवरदेवाची कोरी जागा

कळंबच्या स्टँडसमोरची भिंत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगवली होती. विषय दिलेला होता, मानवी तस्करी. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळं तालुक्यात असलं काम निघालं की माझ्याकडंच येतं. गॉगल घातलेला माणूस, साखळीत अडकलेले मुलीचे हात, पळती जीप. चित्र ठसठशीत झालं. लोक त्या भिंतीला टेकून गाडीची वाट बघत. गॉगलवाला कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

आमच्या घरी आली ती बाई होती. इरकल नेसलेली, माझ्या धाकट्या जावेला ‘लेकी’ म्हणणारी. तिनं पुतणीसाठी परराज्यातलं स्थळ आणलं. मांडव नको, मानपान नको, खर्च सगळा त्यांचा. मुलीला तेवढं जीपमधून माझ्याबरोबर पाठवा, लग्न तिकडंच देवळात लागेल, असं तिचं म्हणणं. पुतणी नुकतीच बारावी झालेली, अठरा पूर्ण. दीर-जाऊ पुढच्या सोप्यात राहतात, आम्ही मागच्या खोल्यांत. दार एकच. ऐकू सगळं यायचं, बोलायची मात्र सोय नव्हती.

तरी मी जावेला विचारलं, “मुलगा बघितला का?”

“फोटो बघितला की, अक्का. गोरा हाय.”

“गाव कुठलं?”

“लई लांब हाय. नाव तोंडात बसंना बघा.”

दीर आतून म्हणाले, “वैनी, स्टँडवरचं स्टँडवर ठेवा. पोरगी आमची हाय.”

मी ओळखीच्या वकिलांना विचारून आले. मुलगी सज्ञान, आईबाप राजी. तिनं स्वतः नाही म्हटलं तर बघू, असं ते म्हणाले. पुतणीला गाठून विचारलं, जायचंय का. ती हातातलं पातेलं घासत राहिली.

आमच्याकडं लग्नघर लांबून ओळखू येतं. दर्शनी भिंतीला चुना देतात, त्यावर कलश आणि पोपट काढतात, खाली नवरानवरीची नावं लिहितात, नवरदेवाच्या गावासकट. भावकीतल्या भिंती मीच लिहिते. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. जीप सोमवारी येणार होती. रविवारी सकाळी मी चुना कालवला.

जाऊ धावत आली. “हे कशाला, अक्का?”

“लग्नघराची भिंत कोरी ठेवू?”

ठेवा म्हणणं अपशकुनाचं. ती बाजूला सरली. मी ‘चि. सौ. कां.’ आणि पुतणीचं नाव लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं. शेजारी ‘चि.’ लिहून थांबले.

“आता नवरदेवाचं सांगा. गावही.”

दिरांनी बाईला फोन लावला. पाळण्यातलं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं, पोचल्यावर कळवते, असं ती म्हणाली. मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि जागा तशीच सोडली.

दूध घालायला जाणारे थांबू लागले.

“पेंटरीणबाई, रंग संपला का?”

“रंग आहे. नाव नाही.”

पारावरचे एक म्हातारबा मुद्दाम उठून आले. “नवऱ्याला नाव बी न्हाय व्हय? मग पोरगी हाक काय मारल?”

दीर सुरुवातीला ओट्यावर उभे राहून उत्तरं देत होते. मग आत गेले. दुपारी दार लावून घेतलं. संध्याकाळी बंद दाराआडून त्यांचा आवाज आला, “मुलाच्या बापाला फोनवर घ्या. आधी गाव सांगा.” त्यानंतर बाईचा फोन लागलाच नाही. सोमवारी जीप आली नाही.

आता गावात लग्न मोडलं असंच म्हणतात. जाऊ माझ्याशी बोलत नाही. दिरांनी पुतणीचा मोबाइल काढून घेतला, कॉलेजचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं, आणि मला म्हणाले, “पुसा ते.”

मी चुन्याची बादली घेऊन गेले, तेव्हा पुतणी बाहेर आली.

“काकू, ती बाई खोटी हाय, हे मला बी कळत होतं.”

“मग ‘नाही’ का म्हणाली नाहीस?”

“जीप तर खरी होती.”

“कुठं गेली असतीस?”

“कुठं बी. हितून.”

तिनं माझ्या हातातला कुंचला घेतला. शेजारचं ‘चि.’ पुसलं, ‘चि. सौ. कां.’ पुसलं. स्वतःच्या नावाला हात लावला नाही. कुंचला बादलीत टाकून ती आत गेली. तिच्या मागून जावेनं आतून कडी घातली. मला मागच्या खोल्यांत जायचं होतं, आणि दार एकच होतं. मी ओट्यावर बसून राहिले.