तीन हाका

चंद्रभागेला कुणी "गप बस गो" म्हटलं, की ती हमखास चार शब्द जास्त बोलायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात खडकवाडी म्हणून महादेव कोळ्यांची वाडी होती. तिथे नाचणी-वरी पिकवत चंद्रभागा संसार रेटत होती. नवरा सोनबा मुंबईच्या गिरणीत. शिमग्याला नि गणपतीला यायचा, तेवढाच. तरणे गडी मुंबईला गेले की वाडीत उरतात बाया, म्हातारे आणि गुरं, आणि ह्या सगळ्यांना हाकायचं काम आपलंच, अशी चंद्रभागेची पक्की समजूत.

तिची पोरगी बनू सातवीची फायनल पास झाली. वाडीतली पहिलीच हो! गुरुजी स्वतः डोंगर चढून आले नि म्हणाले, "हिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घाला. आदिवासींना राखीव जागा आहे, फक्त जातीचा दाखला काढा." दाखला निघाला, जागा मिळाली, चंद्रभागेने महाडच्या बाजारातून पत्र्याची ट्रंकसुद्धा आणली. आणि ट्रंकेत कपडे पडायच्या आत वाडीवर कागद आला. दाखला रद्द! बनूचा बाप मुंबईत मराठ्यांच्या खोलीत राहतो, त्यांच्यात जेवतो, म्हणून हे कुटुंब मराठा आहे, अशी तक्रार आली होती. दाखला नाही तर जागा नाही, असं गुरुजींनी जड तोंडाने सांगितलं.

"अगो बाई! जेवला म्हणून जात बदलली?" चंद्रभागा कडाडली. "मग ती येसूबाय खानावळवाली अख्ख्या लालबागला जेवू घालते, तिची जात कंची लिवणार?"

खरा प्रकार साधा होता. लालबागच्या त्या खोलीत खोऱ्यातली सगळी माणसं राहायची. तिथे गाव विचारून जागा मिळायची, जात विचारून नाही. इकडे गावात पंगत वेगळी धरणारेही तिकडे येसूबाईच्या एकाच टोपातली आमटी ओरपायचे. मुंबईचं पोट तसंच असतं. पण हे कागदाला कोण सांगणार?

बनू रडून रडून आडवी झाली. चंद्रभागेचा सासरा महिपती वाडीचा गावकार, गावकीचा पुढारी, पण सरकारी शिक्का बघून त्याचंही अवसान गळालं. "कागुद आलाय पोरी. आता गप ऱ्हा."

झालं! म्हाताऱ्याने नको तोच शब्द काढला.

"मामंजी, आपल्या गावकीत चोराचा निवाडा असला तरी देवळाच्या पायरीवरनं त्याच्या नावानं तीन हाका मारता ना? आला तर त्याचं ऐकता ना? तीन हाका झाल्याबिगर निवाड्याचा नारळ फोडलाय कधी?"

"नाय बा. पाप लागंल."

"मग मला कोणी हाक मारली? एक तरी?"

दुसऱ्या दिवशी चंद्रभागा पोलादपूरला उतरली आणि तिथून एसटीने महाडला गेली. दाखल्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, निकाल झाला, आता काही होत नाही." तिने मान डोलवली आणि साहेबांच्या दारातच बसकण मारली. येणारे-जाणारे ठेचकाळायला लागले, तेव्हा साहेब स्वतः बाहेर आले.

"बाई, कागद पाहूनच निर्णय दिला आहे."

"कागुद बघितलात, बरं केलंत, साहेब. मला कवा बघितलंत?"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण चंद्रभागा थांबली तर ना! "आमी खोटं असलो तर फाडा दाखला, मी इथं उभी ऱ्हाऊन बघंन. पण आधी मला बोलवा. आन् ज्यानं तक्रार केली त्यालाबी बोलवा. काय ता तोंडावर बोलूं दे."

साहेब तापट होते, पण माणूस सरळ. त्यांनी फाइल मागवून चाळली आणि ते कारकुनाला म्हणाले, "हिला नोटीस दिली नव्हती? मग हे काही बरोबर झालं नाही. तारीख द्या. दोघांनाही बोलवा."

त्या तारखेला शिपाई कचेरीच्या ओट्यावर उभा राहिला आणि ओरडला, "खडकवाडीची चंद्रभागा सोनबा, हाजर हाय काय?"

चंद्रभागा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. गावकीत बाया देवळाच्या भिंतीमागे बसतात. हाक जाते ती घरच्या पुरुषाच्या नावाने. चारचौघांत तिचं नाव असं खणखणीत कुणी घेतलंच नव्हतं. "हाय!" ती अशी ओरडली की शिपाईच दचकला.

मग शिपायाने तक्रारदाराला हाक दिली. "भागोजी चांगू, खडकवाडी!"

भागोजी म्हणजे चंद्रभागेचा चुलत दीर! बांधावरच्या फणसावरून दोघांचं वाजलं होतं, हे खरं. पण म्हणून पोरीच्या मुळावर उठायचं? तिला रागही आला आणि रडूही आलं. तिसऱ्या हाकेला भागोजी खांबाआडून पुढे आला.

"तुझी जात काय?" साहेबांनी विचारलं.

"महादेव कोळी, साहेब!" सवयीने छाती काढून तो म्हणाला.

"आणि हिचा नवरा तुझा कोण?"

भागोजी पुटपुटला, "भाऊच... सख्ख्या चुलत्याचा पोरगा."

आधी कारकून फिसकन हसला. मग साहेबांनाही हसू आवरेना. "अरे शहाण्या, तो मराठा तर तू कोण रे?"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हाच! गुरुजी नि पोलीसपाटील साक्षीला आलेच होते, त्यांचंही ऐकून झालं. रद्द झालेला दाखला त्याच दिवशी पुन्हा खरा ठरला. बनू ट्रंक घेऊन ट्रेनिंगला गेली.

पण वाडी विसरली नाही. शिमग्याच्या तोंडावर गावकी बसली. सोनबाही आला होता, डोळे लाल करून बसलेला. सगळ्यांचं एकमत झालं. यंदा देवाची पालखी भागोजीच्या दारात न्यायची नाही. कोकणात ह्यापरता दंड नाही. महिपतीने नारळ उचलला. तेवढ्यात भिंतीमागून चंद्रभागा तरातरा पुढे आली. बाया "अगो, अगो" करत राहिल्या.

"थांबा मामंजी. हाका मारल्या काय?"

"चोर तर घावलाय. आता हाका कशाला?"

"कचेरीतबी असंच झालं होतं. कागुद घावलाय, आता बाई कशाला?"

"चंद्रे, त्यानं तुज्या पोरीचं..." सोनबा उठला.

"माज्याच पोरीचं. म्हनून मीच सांगतेय."

महिपतीने नारळ खाली ठेवला. "मग तूच मार," तो म्हणाला.

चंद्रभागा पायरीवर चढली. भागोजीचं घर देवळाच्या खालच्या अंगालाच होतं, दार लावलेलं. तिने एक हाक मारली, दुसरी मारली. दार हललं नाही. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज चिरकला. आणि दार उघडलं. भागोजी मान खाली घालून वर आला.

"पयलीच हाक आयकली होती, वयनी," तो म्हणाला. "यायला तोंड नव्हतं."

"आता आलायस ना? मग बोल," चंद्रभागा म्हणाली आणि पायरीवरच बसली. "आमी आयकतोय."