दंडमाफीच्या फॉर्मवरची आई

इथं अमेरिकेत यांची वेअरहाऊसमधली नोकरी गेली तसा नोकरीबरोबरचा आमचा आजारपणाचा इन्शुरन्सपण गेला. बाळाला सरकारचा मिळाला, आम्हा दोघांना नाही. नवा घ्यायचाच होता, माहितीपण काढली होती, आणि त्याच आठवड्यात गावाकडनं फोन आला की आई गेली. मग बाजूला ठेवलेलं सगळं तिकिटात गेलं, बाळाला काखेत मारून मी एकटी गेले, तेरावं करून आले, आणि पाच महिने आम्ही बिनइन्शुरन्सचेच राहिलो. साधी शिंक आली तरी मी दवाखान्याच्या बिलाचा हिशोब करायचे. मला वाटायचं, आजारी नाही पडलो म्हणजे सुटलो.

टॅक्सच्या वेळी पिस्कॅटवेतल्या एका काकांकडे गेलो. रिटायर इंजिनियर आहेत, आपल्या लोकांचे टॅक्स डायनिंग टेबलावर बसून फुकट करून देतात. ते म्हणाले, न्यू जर्सीत इन्शुरन्स नसला की दंड बसतो.

मी म्हणलं, "काका, आम्हाला परत पाठवतील का हो?"

"अगं, दंड आहे तो. टॅक्सबरोबर भरायचा. त्यासाठी कुणी हाकलत नाही."

आतनं काकू ओरडल्या, "अहो, तिला आधी चहा तरी घेऊ द्या, मग घाबरवा!"

एकदोन महिन्यांची गॅप असती तर माफ झाली असती म्हणे. पाच महिने म्हणजे कारण पाहिजे. काकांनी कारणांची लिस्ट वाचली, त्यात एक होतं, जवळच्या माणसाचा मृत्यू. हे एकदम ताठच बसले. "आहे की! हिची आई गेली ना. दाखला फोनमध्येच आहे."

काकांनी दाखला बघितला, माझा पासपोर्ट बघितला, परत दाखला बघितला. "नाव जुळत नाही गं. पासपोर्टवर आई दुसरीच आहे."

मला माहीत होतं की हे. आधी कसं आठवलं नाही, देव जाणे. आमच्या घरात थोरल्या सुनेला मूल नव्हतं, म्हणून धाकटीनं मला बाराव्या दिवशी तिच्या ओटीत घातलं. कागद केला नाही, एका घरात कागद कोण करतंय? शाळेत मात्र जन्मदाखल्यावरचं नाव लागलं, तेच पुढं पासपोर्टवर आलं. जिनं वाढवलं तिला मी आई म्हणायचे, जिनं जन्म दिला तिला काकी.

हे म्हणाले, "आईच लिहा काका. तिकडं कोण बघतंय!"

"खोटं मी लिहिणार नाही. आणि पासपोर्टवरची आई जिवंत आहे ना हिची?"

जिवंत आहे. आदल्या दिवशीच फोनवर बाळाला दात आले का विचारत होती. तिला कागदावर मारायची?

काका जरा मऊ झाले. म्हणाले, "'इतर नातं' असा रकाना आहे. तिथं खरं लिहू. तिनंच तुला वाढवलं, हेपण लिहू. तू मराठीत सांग, मी इंग्लिश करतो. बोल, नातं काय?"

हे माझ्याकडं बघतायत, काका कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेत, बाळ माझी ओढणी ओढतंय.

"चुलती," म्हणलं. "थोरली चुलती."

शाळेत एका पोरीनं 'ती तुझी चुलती आहे' म्हणलं होतं तर मी तिच्या झिंज्या उपटल्या होत्या. आणि आता मीच म्हणलं. काकांनी टाइप केलं, एवढासा शब्द, लगेच झाला.

काही आठवड्यांनी पत्र आलं, दंड माफ. हे म्हणाले, "सुटलो बाई!" आणि बाळाला वर उडवलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तिला एका दंडासाठी चुलती केलं मी, ती ऐकायला नव्हती म्हणून.

मग गावाकडं काकीला फोन लावला. माफीचं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "कागदावर तिला काय लिहिलंस?"

म्हणलं, "आई."

"बरं केलंस," ती म्हणाली. "तिचंच होतं ते."

खरं सांगायचं धाडस काही झालं नाही मला.