शेवट ठाऊक असलेले सिनेमे

कुंदाताईंना जर्मन टीव्हीवरचे नाताळचे सिनेमे अतिशय आवडायचे आणि मला त्या सिनेमांचा मनापासून संताप यायचा. खरं तर आमची मैत्री एवढ्या एका कारणावरून मोडायला हवी होती. पण स्टुटगार्टच्या त्या चढावरच्या इमारतीत मराठी बोलणारी घरं दोनच, त्यांचं तिसऱ्या मजल्यावर आणि आमचं दुसऱ्या. तेव्हा भांडून जाणार कुठे?

त्यांचे यजमान श्रीधरराव गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. २००१ साली ते पुण्याहून इकडे आले आणि त्यांच्यामागून कुंदाताई. त्या मूळच्या मिरजेच्या. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं, मालिनीताईंनी, वाढवलं. मूलबाळ नव्हतं. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, आवाज हळू. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून शिंकसुद्धा दाबून धरणारी बाई. अशा माणसांचा मला राग येतो, आणि अशाच माणसांवर माझा जीव जडतो.

नोव्हेंबर संपत आला की दुपारच्या वेळी ते सिनेमे सुरू व्हायचे. बनवलेले अमेरिकेत, वरून जर्मन आवाज चढवलेले. गोष्ट एकच. मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेली, लाल कोट घातलेली एक बाई काही निमित्तानं आपल्या लहानशा गावी परत येते. तिथे एक विधुर असतो. तो सुतार असतो, नाहीतर नाताळची झाडं विकत असतो, आणि त्याची मुलगी वयाच्या मानानं फारच शहाणी असते. गावातली बेकरी बंद पडायच्या बेतात असते. शेवट जवळ आला की दोघांत एक गैरसमज होतो, जो कुठल्याही दोन शहाण्या माणसांनी एका वाक्यात मिटवला असता. मग तो मिटतो, आणि त्याच क्षणी बर्फ पडायला लागतो. आमच्याकडे स्टुटगार्टला नाताळात हटकून पाऊस.

मी चहाचा कप घेऊन शेजारी बसायची आणि पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळी व्हायची. हा तिला मिळणार, बेकरी वाचणार, बेकरीवाला म्हातारा हसणार. कुंदाताई माझ्याकडे न बघता म्हणायच्या, गप्प बस गं, मला सावकाश कळू दे. शेवट त्यांनाही ठाऊक असायचा, माझ्याइतकाच. तरी बेकरी वाचली की डोळ्यांना पदर लावायच्या. मला हसू यायचं आणि चीडही यायची.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. त्यांनी ते सिनेमे कॅसेटवर उतरवून ठेवले होते. नावं सगळी एकसारखी, म्हणून कॅसेटवर आपल्या मनानंच लिहिलेलं: 'लाल कोट', 'बेकरी', 'कुत्रा हरवतो', 'लाल कोट दुसरा'. जून महिन्यात खिडक्या सताड उघड्या, बाहेर लोक बाल्कनीत मांस भाजताहेत, आणि वरच्या मजल्यावरून घंटांचा किणकिणाट ऐकू यायचा. माझा नवरा म्हणायचा, तुझ्या ताईंचा नाताळ लागला बघ.

जर्मन भाषेचं म्हणाल तर मी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे इथल्या संध्याकाळच्या वर्गांत, रीतसर शिकले. परीक्षा दिल्या, त्या जोरावर नोकरी मिळवली, आणि त्याचा मला थोडा ताठा होता, हे कबूल. कुंदाताई त्या वर्गाला चार दिवस आल्या आणि डोकं दुखतं म्हणून थांबल्या. बेकरीत बोट दाखवून पाव घ्यायच्या. बाकी कचेऱ्या, डॉक्टर, घरमालकीण, सगळीकडे त्यांच्या वतीनं श्रीधरराव बोलायचे. दोघंही घरी एकमेकांशी मराठीतच. कुंदाताईंना जर्मन येत नाही, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो, आणि त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही.

२००६च्या ऑगस्टमध्ये, फुटबॉलच्या वर्ल्डकपचे झेंडे अजून काही बाल्कन्यांवर लटकत होते तेव्हा, त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं पित्त. सप्टेंबरात गाठ निघाली, आणि ती नको तिथे पसरलेली निघाली. ऑक्टोबरात हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. नेहमीप्रमाणे त्या जर्मनमध्ये बोलल्या आणि श्रीधररावांनी कुंदाताईंना मराठीत सांगितलं.

त्या संध्याकाळी तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत, श्रीधरराव मला भेटले. मशीन केव्हाच थांबलं होतं आणि ते त्याच्यासमोर उभे होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, डॉक्टर म्हणतात फार तर ख्रिसमसपर्यंत. मग खाली बघत म्हणाले, मी कुंदाला सांगितलं की ख्रिसमसपर्यंत तू हिंडाफिरायला लागशील असं त्या म्हणाल्या.

या माणसाला मी ओळखत होते. पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला आपली गाडी घासली आणि कुणी पाहिलं नाही, तरी पावसात काचेवर आपला फोन नंबर चिकटवून येणारा हा माणूस. त्याला खोटं बोलता येत नसे. ते बोलायची पाळी आली तेव्हा ते एवढं मोठं आलं. तू काही बोलू नकोस, असं त्यांनी मला हात जोडून सांगितलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी मी मुगाची मऊ खिचडी घेऊन वर गेले. श्रीधरराव ऑफिसला गेले होते. कुंदाताई सोफ्यावर गोधडी पांघरून बसल्या होत्या आणि 'बेकरी' लावली होती. मी चेहरा शक्य तितका हसरा ठेवून म्हटलं, काय, आता ख्रिसमसपर्यंत एकदम ठणठणीत ना?

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ऊर्मिला, तू तरी नको," त्या म्हणाल्या. "मला कळलंय सगळं."

मला वाटलं, श्रीधररावांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार. तसं नव्हतं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते कुंदाताईंनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. उच्चार माझ्यापेक्षा चांगला होता. नेमन झी झिश त्साइट. फीलाइश्ट बिस वाइनाख्टन. गेहन झी नाख हाउझे, त्सु इहरर फामीलिए. वेळ काढा एकमेकांसाठी. कदाचित नाताळपर्यंत. घरी जा, आपल्या माणसांत.

"आता सांग, यातला कुठला शब्द माझ्या सिनेमांत नसतो?" त्या म्हणाल्या.

तीच तीच गोष्ट, म्हणून तीच तीच वाक्यं, वर्षानुवर्षं, जूनमध्येसुद्धा. मला ज्याची चीड यायची त्यातूनच या बाईच्या कानात एक अख्खी भाषा जाऊन बसली होती. आजारांची नावं, औषधांची नावं त्यांना कळली नसती. पण डॉक्टरीणबाईंनी ती वापरलीच नाहीत. मायेनं, साध्या शब्दांत सांगावं म्हणून त्यांनी नेमके तेच शब्द निवडले. वेळ, नाताळ, घर, आपली माणसं.

मी म्हटलं, मग श्रीधररावांना सांगा. त्यांनी मान हलवली. मला राग आला. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळत होतं, तरी मी आवाज चढवला. मी म्हटलं, डॉक्टर स्वतः घरी जा म्हणतात, तुम्हाला मालिनीताईंकडे जायचंय हे काय मला माहीत नाही? एक वाक्य बोललात तर पुढच्या आठवड्यात मिरजेत असाल. तिकडच्या त्या लाल कोटवाल्या बायकांना गावी परत जाताना बघून रडता, आणि स्वतःला जायचं तर तोंड उघडत नाही.

त्या खरंच रडल्या. मालिनीताईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ताटातली पहिली भाकरी खायची, आणि रात्री तिच्या कॉटशेजारी खाली अंथरूण घालून झोपायचं, एवढंच मनात आहे असं म्हणाल्या. त्याहून जास्त काही नको होतं.

"मग?"

"अगं, हे जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेत," त्या म्हणाल्या. "ते सांगताना ह्यांचे ओठ कसे थरथरत होते, तू पाहिलं नाहीस. रोज सकाळी उठून तेच पुन्हा सांगतात. तेवढ्यावर उभे आहेत ते. मी म्हटलं की शेवट मला ठाऊक आहे, तर त्या क्षणी खाली बसतील आणि मग मला त्यांनाच सांभाळावं लागेल. तेवढी ताकद नाही गं आता. आणि तू कुणाला सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

अशी मी दोन मजल्यांच्या मधे अडकले. तळघरात त्यांचा नवरा म्हणतो तिला सांगू नकोस, वर बायको म्हणते ह्यांना सांगू नकोस. मी श्रीधररावांना जिन्यात गाठून आडून आडून सुचवलं की हवापालट म्हणून आत्ताच मिरजेला घेऊन जा. ते म्हणाले, मधेच उपचार सोडून एकाएकी निघालो तर ती ओळखेल ना. मी ओठ चावून घरात आले आणि नवऱ्यावर विनाकारण डाफरले.

मग एक दिवस कुंदाताईंनीच वाट काढली. मी तिथेच होते. श्रीधरराव त्यांना सूप भरवत होते. त्या म्हणाल्या, अहो, ख्रिसमसपर्यंत मी बरी होणारच आहे, तर सुटीत मिरजेला जाऊ या का? श्रीधररावांचा चमचा वाटीतच राहिला. मला वाटलं, आता हे म्हणतील, ख्रिसमस कशाला, उद्याच जाऊ. तेवढ्यासाठीच तर तिनं विचारलं होतं. त्यांच्याच खोट्याचा हात धरून ती त्यांना दारापर्यंत घेऊन आली होती.

"हो, जाऊ की," श्रीधरराव म्हणाले. "बावीस डिसेंबरची तिकिटं काढतो."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, चालेल, खिडकीची जागा घ्या.

तिकिटं खरंच आली, फ्रांकफुर्टहून मुंबईची. श्रीधररावांनी तळघरातून मोठी सूटकेस वर आणली, पुसली आणि पलंगाजवळ उघडून ठेवली. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की त्यात एखादी वस्तू ठेवायचे. मालिनीताईंसाठी नाताळच्या बाजारातून आणलेली लोकरीची शाल, हातमोजे, बदामाच्या गोळ्या. कुंदाताई उशीला टेकून सांगायच्या, ती जरीची नको, तिथे थंडी नसते, सुती घ्या. ते साड्यांच्या घड्या घालायचे. त्यांना त्या नीट जमत नसत, आणि त्या पुन्हा घालायला लावत. बॅग उचलून काट्यावर ठेवायचे, वजन बसतंय असं सांगायचे. ती बॅग कुठेही जाणार नाही हे दोघांना ठाऊक होतं. मला ते बघवत नसे. मी काहीतरी निमित्त काढून खाली यायची आणि नळ सोडून भांडी घासत बसायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस टीव्हीवर नवे सिनेमे लागले. आता मी कामाचे तास कमी करून दुपारी त्यांच्याजवळ बसत असे. शेवट मी सांगत नव्हते. त्या मधेच झोपी जायच्या, जाग आली की विचारायच्या, आली का ती गावी? मी म्हणायची, आली, आत्ताच बसमधून उतरली. बरं, म्हणायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या. बर्फ पडेपर्यंत त्या कधी जाग्या राहिल्या नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका पावसाळी सकाळी त्या गेल्या. श्रीधररावांचा हात हातात होता. आदल्या दिवशी त्यांनी बॅगेत कैरीच्या लोणच्याची रिकामी बरणी ठेवायला सांगितली होती, मालिनीताईंची होती म्हणून.

बावीस तारखेला श्रीधरराव त्याच तिकिटावर एकटे गेले. अस्थी घेऊन गेले. शाल मालिनीताईंना दिली. जानेवारीत परत आले तेव्हा त्यांचे खांदे पडले होते. आमच्याकडे जेवायला बोलावलं तर आले, पण पानावरून लवकर उठले. मी चहा ठेवला. माझा नवरा बाहेर गेला होता.

मग ते म्हणाले की मालिनीताई त्यांच्याशी धड बोलल्याही नाहीत. एकच विचारलं, तुम्हाला दोन महिने आधी माहीत होतं, मग जिवंत असताना का नाही आणलंत तिला? ते म्हणाले, मी सांगितलं त्यांना, आणलं असतं तर तिनं ओळखलं असतं. निदान ते दोन महिने तरी ती आशेवर होती. बॅग भरत होती. त्यासाठीच नाही आणलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू दिवसभर तिच्याजवळ असायचीस, ऊर्मिला. तिला काही कळलं नव्हतं ना?"

मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून आमच्या सगळ्या ओळखीच्या मंडळींत बदनाम आहे. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. श्रीधरराव कप बशीत ठेवून माझ्याकडे बघत होते.

"कसं कळणार?" मी म्हणाले. "कुंदाताईंना जर्मन कुठे येत होतं?"